तापीचे पूर आणि खानदेशचीं बुडीत गांवें

सातपुड्याच्या पठारावर मुलताई येथें उगम पावून खंबायतच्या आखाताला मिळेपर्यंत तापी नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते, आणि तिच्या या प्रवासाचा मधला, भरदार भाग खानदेशांत होतो. जळगांव जिल्ह्यांत चांगदेवापाशीं पूर्णा तिला येऊन मिळते. पुढें वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या दक्षिणेकडून आणि अनेर, अरुणावती, गोमाई या उत्तरेकडून आपापलें पाणी तिच्या ओटींत घालतात. आणि मग प्रकाशें मागें टाकून ती पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत शिरते. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस मानून तिची खणानारळानें ओटी भरणाऱ्या खानदेशी स्त्रियांना ती माय आहे. तिच्या मुखाशीं, समुद्रापासून अवघ्या कांहीं कोसांवर वसलेल्या सुरत शहराला मात्र याच नदीचा पिढ्यान्‌पिढ्या धाक वाटत आला. सुरतेच्या पुरांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण त्या पुरांना आळा घालण्यासाठीं खानदेशच्या पश्चिम टोंकाचीं जीं गांवें कायमचीं उठलीं, त्यांची हकीकत हा त्याच इतिहासाचा उत्तरार्ध होय, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संकट एका ठिकाणीं आणि विस्थापन दुसऱ्या ठिकाणीं, असा हा प्रकार असल्यामुळें एकाची वही सुरतेंत राहिली व दुसऱ्याची धुळ्यांत. त्या दोन्ही वह्या एकत्र ठेवून वाचण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों.

सुरतेचा पूर सुरतेंत तयार होत नाहीं, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. तापीच्या खोऱ्याचें क्षेत्रफळ सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर आहे. त्यांतील जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रांत, उरलेल्यांतील बराचसा मध्यप्रदेशांत, आणि गुजरातेच्या वांट्याला आलेला भाग ४,००० चौरस किलोमीटरांच्याही आंतला. म्हणजे मेळघाटांत, बऱ्हाणपुरांत, जळगांव-धुळ्याकडे पडलेला पाऊस सुरतेच्या चौकांत जाऊन उभा राहतो. त्यांत आणखी एक दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, बंगालच्या उपसागरांत उठलेलीं पावसाळी वादळें पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि तापीही पूर्वेकडून पश्चिमेकडेच वाहते. वादळ नदीच्या पाठोपाठ चालतें. वरच्या उपनद्यांचा लोंढा खालीं पोंचावा, तों खालच्या उपनद्यांवरही तोच पाऊस कोसळत असतो, आणि सगळे लोंढे एका वेळीं एकत्र होतात. त्याच सुमारास आखातांत भरती असली, म्हणजे समुद्र आपलें दार लावून घेतो व पाणी शहरांत पसरतें.

खानदेशांत मात्र तापीचें रूप निराळें दिसतें. येथें तिचें पात्र खोल, व दोहों बाजूंस मातीच्या उंच, कापल्यासारख्या दरडी. म्हणून मोठा पूर देखील बहुधा पात्रांतच राहतो. पण त्याच कारणानें जुन्या काळीं तिच्या पाण्याचा शेतीला कांहीं उपयोग नव्हता. पांझरेसारख्या लहान नदीवर दगडी बंधारे बांधून फड भिजविणाऱ्या खानदेशी कुणब्याला तापी ही स्नानाची, यात्रेची व डोळ्यांनीं पाहावयाची नदी होती, पाटाची नव्हे. पूर सोसावा लागतो तो या लहान नद्यांचा. इ. स. १८७२ सालीं पांझरेला जो मोठा पूर आला, त्यानें धुळें शहरांतील घरांची व मालमत्तेची अतोनात हानि केली.

आतां सुरतेकडे वळूं. इ. स. १८३७ हें वर्ष त्या शहराच्या इतिहासांत काळ्या अक्षरांनीं लिहिलें गेलें आहे. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत आग लागून ती तीन दिवस शहराच्या मध्यभागीं धुमसत राहिली, आणि ९,३७३ घरें जळून गेलीं. लोक त्या राखेंतून कसेबसे सांवरताहेत, तोंच पावसाळ्याच्या अखेरीस तापीला पूर आला. तोंपर्यंत कोणीं पाहिला नव्हता एवढा तो चढला. बहुतेक सारें शहर पाण्याखालीं गेलें, भोंवतालचा प्रदेश कोसच्या कोस समुद्रासारखा दिसूं लागला, आणि आगींतून वांचलेल्या मालापैकीं आणखी सुमारे २७ लाखांचा माल गेला. याचा परिणाम काय झाला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या हिंदु व पारशी व्यापाऱ्यांचीं घरेंदारें आगींत गेलीं होतीं, त्यांतील अनेकांनीं सुरत सोडून मुंबईची वाट धरली. मुंबईच्या भरभराटीची कारणें सांगतांना आपण कापूस, आगगाडी व सुएझचा कालवा यांचीं नांवें घेतों; सुरतेच्या या दोन आपत्तींनीं मुंबईला आयती मिळालेली हुन्नरी व भांडवलवाली माणसें मात्र विसरतों. असो.

व्यापारी परगांवीं जाऊं शकतो, कारण त्याची पत त्याच्याबरोबर चालते. शेतकऱ्याचें तसें नाहीं. त्याची पत त्याच्या शेतांत असते, आणि शेत उचलून नेतां येत नाहीं. म्हणूनच शेतकऱ्याला पुनः उभा करण्याची आपल्या देशांतील जुनी रीत कशी होती, हें येथें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य वाटतें.

लढाई, दुष्काळ किंवा महामारी यांमुळें गांवची रयत परागंदा झाली, म्हणजे सरकार गांव पुनः वसविण्यासाठीं कौल देई. पहिल्या वर्षीं सारा नाममात्र, पुढें दरसाल थोडथोडा चढत जाऊन कांहीं वर्षांनीं तो पुरा व्हावा, अशी त्यांत बोली असे. यालाच इस्ताव्याचा कौल म्हणत. बैल व बियाणें यांकरितां तगाई मिळे. जो मिरासदार असे तो दुष्काळांत दूर देशीं निघून गेला, तरी त्याचा हक्क एकाएकीं बुडत नसे. पुष्कळ वर्षांनीं तो किंवा त्याचा वारस परत आला तर आपलें शेत मागूं शकत असे. खानदेशांत या रीतीची फार मोठी कसोटी लागली. १८०२ सालची होळकरी धामधूम, आणि तिच्या पाठोपाठ पडलेला १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ, यांनीं हा प्रांत उजाड केला. खुद्द धुळें ओसाड पडलें होतें. तें विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं पुनः वसविलें. आणि १८१८ त इंग्रजी अंमल बसल्यावर ब्रिग्ज यानें तेथेंच जिल्ह्याचें ठाणें केलें. आज धुळ्याच्या सरळ रस्त्यांवरून फिरणाऱ्यास, हें एकदां मेलेलें व पुनः जगविलेलें गांव आहे, याची सहसा कल्पना येत नाहीं.

या सर्व रीतीच्या मुळाशीं एक गृहीत होतें. तें असें कीं, माणूस गेला असला तरी जमीन जागच्या जागीं आहे, आणि माणूस परत यावयाचा आहे. कौल, तगाई, साऱ्याची सूट, तहकुबी हीं सगळीं साधनें परत येणाऱ्यासाठीं होतीं. पुढें १९३८ सालीं पूर्व खानदेशांत अतिवृष्टीनें पिकें बुडालीं, तेव्हां साने गुरुजींनीं गांवोगांव सभा व मिरवणुका काढून शेतसारा माफ करण्याची जी मागणी केली, तिचेंही मूळ तेंच. यंदाचें पीक गेलें आहे, शेत गेलेलें नाहीं; शेतकऱ्याला एक वर्ष तग धरतां आला तर पुढल्या वर्षीं तो आपल्या पायांवर उभा राहील, हा विश्वास त्या चळवळीच्या पाठीशीं होता. ओल्या दुष्काळाला ओसरण्याची वेळ असते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र निराळाच विचार पुढें आला. पूर आल्यावर मदत करीत बसण्यापेक्षां पूरच अडवावा, हा तो विचार. आणि तो चुकीचा होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. १९४४, १९५९ असे एकामागून एक मोठे पूर ज्या शहरानें पाहिले, त्यानें दुसरें काय मागावें? स्वातंत्र्यानंतर तापीवर प्रथम काक्रापारचा बंधारा झाला. पण तो कालव्यांसाठीं होता, पूर थोपविणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. म्हणून त्याच्याही वर, सोनगड तालुक्यांत उकाई येथें मोठें धरण बांधण्याचें ठरलें. १९६४ च्या सुमारास कामास सुरुवात झाली. धरण अर्धवट असतांनाच १९६८ च्या ऑगस्टांत तापीला सेकंदाला १५ लाखांहून अधिक घनफुटांचा लोंढा आला आणि सुरत पुनः बुडाली. १९७० सालीं पुनः तसाच मोठा पूर आला. अशा वेळीं धरणाच्या विरुद्ध कोणी शब्द काढला असता, तर त्याला माणुसकीचा शत्रु ठरविलें गेलें असतें. १९७२ सालीं धरण पुरें झालें. लांबी जवळजवळ पांच किलोमीटर. पाठीमागचा जलाशय भरला म्हणजे सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखालीं. आणि तापीच्या एकंदर खोऱ्यापैकीं ६२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक भागाचें पाणी या एका भिंतीशीं येऊन थांबणारें.

परंतु हा ६०० चौरस किलोमीटरांचा प्रदेश कोणाचा, हा प्रश्न आधींच, धरणाचा पहिला दगड बसण्यापूर्वीं, एका निराळ्या दालनांत निकालांत निघाला होता. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं, त्या वेळीं पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील नवापूर, नंदुरबार, तळोदें व अक्कलकुवा या तालुक्यांमधील १५६ गांवें गुजरातेंत घातलीं गेलीं. त्या वेळच्या वाटाघाटींत उकाईच्या जलाशयाचा विषय होताच. कांहीं बुडीत गांवें अशा रीतीनें आधींच सरहद्दीच्या पलीकडे गेलीं, कांहीं अलीकडे राहिलीं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या आनंदाच्या दिवसांत मुंबई मिळाल्याचे पेढे वांटले गेले. या दीडशें गांवांचें नांव फारसें कोणीं काढलें नाहीं. कालपर्यंत धुळ्याच्या कचेरींत दाद मागणाऱ्या माणसाला आतां सुरतेची कचेरी पाहावी लागली, कागदांची लिपि बदलली, आणि घरांत बोलली जाणारी भाषा मात्र जुनीच राहिली. ज्याला घर सोडावें लागणार त्याला राज्यही बदलावें लागावें, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे. तो भाग पुढें २००७ पर्यंत सुरत जिल्ह्यांत होता व आतां तापी जिल्ह्यांत मोडतो; इकडे नवापूर व नंदुरबार हे तालुकेही १९९८ पासून धुळें जिल्ह्यांतून निघून नंदुरबार जिल्ह्यांत गेले आहेत.

हा मुलूख तरी कसा होता? सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोंगलाईंतला हमरस्ता याच बाजूनें जाई. सतराव्या शतकांत फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या वाटेनें गेला, तेव्हां नवापूरच्या तांदुळाची त्यानें फार वाखाणणी केली आहे. दाणा बारीक, शिजवतांना कस्तुरीसारखा वास. आणि इराणांतील कोणा बड्या माणसास नजराणा पाठवावयाचा तर या तांदुळाच्या पोत्यासारखी दुसरी वस्तु नाहीं, असें तो सांगतो. खुद्द नवापूर गांव धरणांत गेलें नाहीं. पण त्याच्या उत्तरेचा तापीकांठ गेला. तापीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर गुजर पाटीदार शेतकरी, आणि कडेच्या डोंगरउतारावर भिल्ल, वसावे, मावची गावीत, कोंकणा अशा आदिवासी जमाती, अशी साधारणपणें वस्ती होती. दोन्ही राज्यें मिळून धरणानें बाधित झालेल्या गांवांची संख्या सुमारे १७० भरते. त्यांतील बरींचशीं समूळ बुडालीं, कांहींची शिवारें गेलीं व घरें उरलीं. घर उरून शिवार जावें, ही स्थिति घर जाण्यापेक्षां बरी कीं वाईट, हें ज्यानें सोसलें त्यानेंच सांगावें.

आतां या लोकांना मिळालेल्या मदतीकडे पाहूं. आपल्या भाषेंत अलीकडे दोन शब्द रूढ झाले आहेत: पूरग्रस्त आणि धरणग्रस्त. दोहोंच्या शेवटीं एकच ‘ग्रस्त’ आहे, आणि तो ग्रहणांतला आहे. ग्रहण लागलें म्हणजे रस्त्यानें ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हांक ऐकूं येई, व लोक सुपाअडशिरीनें धान्य देत. कारण ग्रहण सुटणारें असतें, आणि दान दिल्यानें तें लौकर सुटतें अशी श्रद्धा असते. पूरग्रस्ताची स्थिति अशीच आहे. त्याच्यासाठीं कपडे जमतात, भाकऱ्या जातात, मदतफंड निघतात, मुलें शाळेंत पैसे गोळा करतात; कांहीं दिवसांनीं पाणी ओसरतें आणि तो चिखल उपसून आपल्याच ओटीवर बसतो. पंचांगांत दुसराही एक प्रकार दिलेला असतो. चंद्र ग्रासलेला असतांनाच क्षितिजाखालीं जातो, त्याला ग्रस्तास्त म्हणतात. मोक्ष कोणाला दिसतच नाहीं. धरणग्रस्ताला कोणीं भाकरी बांधून नेली नाहीं. कारण त्याच्यावर आलेलें पाणी हें संकट नसून तो उपाय होता, आणि उपायानें घायाळ झालेल्याला मदत मागण्याचें तोंडच नसतें.

सरकारनें कांहींच दिलें नाहीं असें नाहीं. पण जें दिलें तें कोणत्या कायद्यानें, हें पाहिलें पाहिजे. त्या वेळीं हातांत होता तो १८९४ चा भूसंपादनाचा कायदा. त्याची दृष्टि विकत घेणाऱ्याची होती: जमिनीची, घराची, झाडाची बाजारभावानें किंमत ठरवावी, ती रोख द्यावी, आणि संबंध तोडावा. ज्याच्या नांवें सातबारा होता त्याला कांहीं तरी मिळालें. जो पिढ्यान्‌पिढ्या जंगलकडेची जमीन कसत होता परंतु ज्याच्या नांवें कागद नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतांत राबून पोट भरीत होता, ज्याचें अर्धें वर्ष मोहाच्या फुलांवर, डिंकावर, नदींतल्या मासळीवर निघत होतें, त्याचें नुकसान या कायद्याच्या तराजूंत चढतच नव्हतें. पैशाची गोष्ट तर विचारूंच नये. ज्या माणसानें आयुष्यांत नोटांची गड्डी पाहिलेली नाहीं, त्याच्या हातीं ती एकदम पडली तर ती किती दिवस टिकते, हें कोणाही सावकाराला विचारावें. कांहींना जंगल तोडून मोकळी केलेली जमीन मिळाली. परंतु नदीकांठची गाळाची जमीन सोडून डोंगरकडेच्या मुरमाड जमिनींत गेलेल्या शेतकऱ्याला तेवढ्याच एकरांत तेवढेंच पीक कसें येणार? आणि वाडीवाडीनें फुटून निरनिराळ्या ठिकाणीं गेल्यावर, पूर्वीं नातें जुळवावयास जेथें सांज पुरे, तेथें आतां दिवसाची वाट झाली.

या प्रकाराची पूर्वसूचना महाराष्ट्राला मिळालेली नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. समुद्रकांठच्या मोठ्या शहराच्या गरजेसाठीं डोंगरांतलीं गांवें उठविण्याचा प्रसंग मुळशी पेट्यांत चाळीस-पंचेचाळीस वर्षें आधींच येऊन गेला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठीं बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला, सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले, विनायकराव भुस्कुट्यांनीं त्यासाठीं रान उठविलें. आणि तरीही धरण झालें. फरक एवढाच कीं, मुळशीचें धरण खासगी कंपनीचें होतें, म्हणून त्याविरुद्ध देशाभिमानानें बोलतां आलें. उकाईचें धरण आपल्याच सरकारनें, आपल्याच देशबांधवांना पुरांतून वांचविण्यासाठीं बांधलेलें. येथें सेनापति कोणाविरुद्ध उभे राहणार? पुण्याहून मुळशी जवळ, आणि धुळ्याहून निझर दूर, हेंही एक कारण असेल. वर्तमानपत्रें जेथें छापलीं जातात तेथून दुःख किती कोसांवर आहे, यावर त्याची प्रसिद्धि पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाला कायद्याचें रूप महाराष्ट्रांत १९७६ सालीं मिळालें, म्हणजे उकाईचें पाणी भरून चार वर्षें लोटल्यावर. नर्मदेच्या पाणीवांटपाच्या लवादानें १९७९ त जमिनीला जमीन, निदान दोन हेक्टर, आणि वयांत आलेला मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब, अशीं तत्त्वें घातलीं. त्यांचा लाभ पुढें याच जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील सरदार सरोवराच्या ३३ बुडीत गांवांना मागतां आला. मिळाला किती व भांडून किती मिळवावा लागला, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. एवढें मात्र खरें कीं, मणिबेलीच्या लोकांच्या हातांत निदान एक कागद होता. निझर-नवापूरच्या लोकांच्या हातांत तोही नव्हता.

उकाईनंतरची हकीकत आणखीच विलक्षण आहे. धरणाच्या व काक्रापारच्या कालव्यांनीं दक्षिण गुजरातेंत ऊंस उभा केला. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना पन्नासाच्या दशकांतच सुरू झाला होता. पाणी वाढलें तसे आसपास आणखी कारखाने निघाले. हा ऊंस तोडावयास माणसें कोठून आणावयाचीं? डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीं या टोळ्यांचा अनेक वर्षें अभ्यास केला आहे. त्यांत खानदेशच्या माणसांचा भरणा मोठा. मुकादमाकडून पावसाळ्यांत उचल घ्यावयाची, दिवाळीच्या आगेंमागें नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून नांव लावावयाचें, आणि उन्हाळ्यापर्यंत पाचटाच्या खोपटांत राहून उचल फेडावयाची, असा हा क्रम. हे सारेच धरणग्रस्त असत असें नाहीं. कोरडवाहू मुलखाच्या दारिद्र्यानेंही पुष्कळांना घराबाहेर काढलें. परंतु ज्या डोंगरपट्टींतून हीं माणसें निघतात त्याच पट्टीच्या पायथ्याची गाळाची जमीन जलाशयाखालीं आहे, आणि ज्या उंसावर त्यांचा कोयता चालतो तो त्याच जलाशयावर पोसला जातो, ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे पुनर्वसन या शब्दाचा अर्थ नव्यानें शोधावा लागतो.

येथें कोणी वाचक विचारील कीं, मग सुरतेनें बुडत राहावें काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. धरण झाल्यावर कित्येक वर्षें सुरतेला मोठा पूर आला नाहीं. लाखों माणसें निर्धास्त निजलीं. ३०० मेगावॉट विजेची सोय झाली. हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सुरतेच्या बचावाचा जो खर्च झाला, त्याच्या जमाखर्चांत सिमेंट व लोखंड यांच्या ओळी आहेत, परंतु निझर, उच्छल व नवापूरकडील गांवांची ओळ तेथें फारच बारीक अक्षरांत लिहिली गेली. ज्या शहराचा जीव वांचला त्यानें, ज्यांच्या जमिनीवर तो वांचला त्यांस दरसाल पाण्याच्या व विजेच्या उत्पन्नांतून कांहीं हिस्सा दिला असता, तर तें दान नव्हे, देणें ठरलें असतें.

आणि धरणानें पूर कायमचा संपला असेंही झालें नाहीं. २००६ च्या ऑगस्टांत वरच्या खोऱ्यांत दांडगा पाऊस झाला. जलाशय तोंपर्यंत बराच भरलेला होता. पाण्याची आवक वाढली, तेव्हां दरवाजे उघडण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि सेकंदाला सुमारे ९ लाख घनफूट पाणी खालीं सोडावें लागलें. ७ ऑगस्टपासून दोन-तीन दिवस सुरतेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्यांत होता. धरण आधींच एवढें भरून ठेवावयास नको होतें, असा आक्षेप अनेक जाणकारांनीं त्या वेळीं घेतला. पूर थोपविण्यासाठीं जलाशय रिकामा हवा, आणि ऊंस व वीज यांसाठीं तो भरलेला हवा. एका भांड्याकडून दोन उलट कामें घ्यावयाचीं म्हणजे एखाद्या वर्षीं असें व्हावयाचेंच. सैन्य आलें, होड्या आल्या, विमानांतून अन्नाच्या पिशव्या टाकल्या गेल्या, गांवोगांवचीं मंडळें धांवलीं. कांहीं आठवड्यांत बाजार उघडले व माग पुनः चालूं लागले. त्या मागांवर काम करणारांत खानदेशी माणसें हजारोंनीं आहेत. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून फिरतांना अहिराणी कानांवर पडत नाहीं असें सहसा होत नाहीं. वरच्या मुलखांतून पाणी ज्या वाटेनें उतरतें, त्याच वाटेनें हीं माणसेंही उतरलीं आहेत.

उन्हाळ्यांत उकाईचें पाणी मागें हटूं लागलें म्हणजे जलाशयाच्या कडेची जमीन पट्ट्यापट्ट्यानें उघडी पडते. तिच्यावर गाळ बसलेला असतो, ओल असते, खत घालावें लागत नाहीं. अशा जमिनीला गाळपेर म्हणतात. आसपासच्या वसाहतींतले लोक तेथें कलिंगडें, काकड्या, मूग, भाजीपाला पेरतात. महाराष्ट्रांत धरणाच्या पोटांतली अशी जमीन एका हंगामापुरत्या पट्ट्यानें देण्याची वहिवाट आहे, आणि देतांना मूळच्या धरणग्रस्तांस अग्रहक्क असतो. म्हातारीं माणसें नातवंडांस बोट करून सांगतात कीं, त्या तेथें विहीर होती, त्या तेथें मारुतीचें देऊळ. पीक हातीं येतें तोंपर्यंत ज्येष्ठ लागतो. मग मेळघाटाकडे पहिला मोठा पाऊस होतो आणि पाणी परत चढूं लागतें.